पान काही कॅप्सूल खात नाही

आमचं ऑफिस पावण्याला आहे असं सांगितलं की पुण्याचे नातेवाईक हमखास विचारतात, "पावणे किती?" तर मंडळी, ही वेळ नाही, हे गाव आहे. वर महापे, खाली तुर्भे, समोर कोपरखैरणे, पाठीशी पारसिकचा डोंगर आणि मध्ये एमआयडीसी. बाबांनी इथल्याच एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं प्लांट ऑपरेटर म्हणून काढली आणि आता मी त्याच भागात काचेच्या बिल्डिंगमध्ये बसून कोड लिहितो. आमच्या गेटशी एक आंबा आहे. सध्या त्याला तांबूस पालवी फुटली आहे. मऊ, लोंबणारी, जरा ओशाळल्यासारखी दिसणारी पानं. या पानांवरून आमच्या घरी जोरदार भांडण झालं. त्या भांडणाची ही गोष्ट.

तर झालं असं. बाबा सिगरेट ओढतात. पूर्वी दिवसाला एक पाकीट, रिटायर झाल्यावर सहा-सात. मागच्या महिन्यात मी घरी आलो तर टीव्हीच्या बाजूला एक चकचकीत डबी. वर हिरवं पान, पानावर दवबिंदू, खाली 'शक्तिशाली अँटिऑक्सिडंट, १०० टक्के वनस्पतिजन्य'. साठ कॅप्सूल, अठराशे रुपये. सोसायटीतले एक काका रिटायरमेंटनंतर 'साइड बिझनेस' करतात, त्यांनी दिलेली. मी सवयीप्रमाणे मागचं बारीक अक्षर वाचलं. बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, रोज दोन कॅप्सूल. म्हणजे दिवसाला तीस.

मी म्हटलं, "बाबा, हे घेऊ नका."

बाबा म्हणाले, "अरे, झाडापासून बनवलंय. काका सांगत होते, झाडं दिवसभर उन्हात उभी असतात, जळतात का? नाही. कारण त्यांच्यात हे अँटिऑक्सिडंट असतं. तेच काढून यात भरलंय. स्मोकरला तर जास्तच गरज असते म्हणे."

आणि मग खिशातून पाकीट काढत जे बोलले त्याने माझं डोकं फिरलं. "आता ही गोळी आहे ना, एक-दोन जास्त झाल्या तरी चालतंय."

काकांचं वाक्य पुन्हा वाचा. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणून तर तो इतका विकला जातो. झाडं उन्हात उभी असतात हे खरं. त्यांच्यात अँटिऑक्सिडंट असतात हेही खरं. पण 'म्हणून ते काढून आपण खाल्लं की आपणही वाचतो' ही उडी कुठून आली? ती कुणी तपासली का? तपासली. आणि निकाल भयंकर आला. त्याआधी झाड नेमकं करतं काय ते बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

आंबा काही सावलीत जाऊन उभा राहू शकत नाही. मे महिन्यात आपल्याकडे यूव्ही इंडेक्स अकराच्या वर जातो, म्हणजे सगळ्यात वरची 'अति तीव्र' पायरी. आपण लोकलमधून उतरून एसीत पळतो, पानाला मात्र ऊन हवंच असतं कारण तेच त्याचं जेवण. जेवणाच्या त्याच ताटात विष कालवलेलं: अतिनील किरण. ते डीएनएवर आदळले की शेजारशेजारचे दुवे भलतेच एकमेकांना चिकटतात, प्रथिनं बिघडतात. तर झाड यावर काय करतं?

पहिली गोष्ट म्हणजे ते किरणांना शक्यतो आत येऊच देत नाही. पानाच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशींमध्ये फ्लेव्होनॉइड नावाची रसायनं साठवलेली असतात. क्वर्सेटिन, केम्फेरॉल ही त्यातली प्रसिद्ध मंडळी. ही अतिनील किरण शोषून घेतात आणि कामाचा उजेड खाली जाऊ देतात. बऱ्याच झाडांत या थरातून दहा टक्क्यांहूनही कमी यूव्ही-बी आत पोचतं. हे अँटिऑक्सिडंटचं नाही, सरळ सरळ छत्रीचं काम आहे. (हीच रसायनं अँटिऑक्सिडंटही असतात, पण ती गोष्ट वेगळी.)

आणि ही छत्री कायम उघडी नसते. पेशीत यूव्हीआर-८ नावाचं एक प्रथिन आहे. एरवी ते जोडीने असतं. यूव्ही-बी पडलं की त्यातल्या ट्रिप्टोफॅनच्या रेणूंना ते जाणवतं, जोडी फुटते, आणि सुटं झालेलं प्रथिन पुढे निरोप देतं की छत्रीचा कारखाना चालू करा. हे नेमकं कसं चालतं ते २०११ मध्ये उलगडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर चक्क इव्हेंट लिसनर! किरण नाही तर छत्री नाही, कारण छत्री बनवायला साखर खर्च होते आणि झाड फुकटचा खर्च करत नाही.

पटत नसेल तर घरी करून बघा. हॉलमध्ये वर्षभर ठेवलेली कुंडी एप्रिलच्या उन्हात एकदम गच्चीवर नेऊन ठेवा. दोन दिवसांत पानं पांढरी पडून करपतात. (मी हे केलंय. आईने आठवडाभर टोमणे मारले.) तीच कुंडी रोज थोडा थोडा वेळ बाहेर काढून हळूहळू नेली तर नवीन पानं टिकतात. झाड तेच, जात तीच. फरक एवढाच की पहिल्या वेळी यंत्रणेला तयारीला वेळच मिळाला नाही.

दुसरी गोष्ट हरितलवकात घडते, आणि आमच्या डबीतलं बीटा कॅरोटीन इथलं. पानाला पचेल त्यापेक्षा जास्त उजेड आला की हरितद्रव्याकडून ऊर्जा ऑक्सिजनकडे सांडते आणि तो ऑक्सिजन पिसाळतो. हे फक्त अतिनीलचं नाही, एकूणच जास्तीच्या उन्हाचं दुखणं. बीटा कॅरोटीन हरितद्रव्याच्या अगदी खेटून बसवलेलं असतं, अणूंच्या मापाने मोजावं इतकं जवळ. पिसाळलेला ऑक्सिजन पुढे सरकायच्या आत ते त्याची ऊर्जा घेतं आणि उष्णतेच्या रूपाने सोडून देतं. तिथून जरा लांब असतं तर त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

तिसरी गोष्ट साफसफाईची. जे सुटलं त्यातल्या सुपरऑक्साइडला डिस्म्यूटेज नावाचं एन्झाइम पकडून त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. ते पेरॉक्साइड दुसरं एन्झाइम व्हिटॅमिन सी वापरून पाण्यात बदलतं. यात व्हिटॅमिन सी स्वतः खर्ची पडतं, मग ग्लुटाथायोन त्याला पुन्हा ताजं करतं, ग्लुटाथायोनला ताजं करायला लागणारी ताकद शेवटी उन्हातूनच येते. म्हणजे हे रहाट आहे, टाकी नाही. एका गाडग्यातलं पाणी दुसऱ्यात, तिसऱ्यात, आणि परत पहिल्यात.

गंमत म्हणजे सगळं पेरॉक्साइड पुसूनही टाकत नाहीत. थोडं मुद्दाम ठेवतात, कारण 'संकट आलंय' हा निरोप तेच पोचवतं. ज्याला आपण जाहिरातीत राक्षस म्हणून बघतो तो झाडाचा पोस्टमनही आहे.

आणि इतकं करूनही डीएनएला मार बसलाच तर चौथी गोष्ट, दुरुस्ती. फोटोलायेझ नावाचं एन्झाइम निळ्या उजेडाची ऊर्जा वापरून चिकटलेले दुवे सोडवतं. हे झाडांकडे आहे, बॅक्टेरियांकडे आहे, कांगारूकडेसुद्धा आहे. माणसाकडे नाही! आपण दुसऱ्या, लांबच्या पद्धतीने दुरुस्ती करतो. बघा, झाडाचं संरक्षण ज्याच्यावर एवढं उभं आहे ते हे एन्झाइम गोळीतून गिळलं तरी पोटात पचून जाईल.

मग गेटजवळच्या आंब्याची पालवी लाल का? तो रंग अँथोसायनिनचा. कोकमाच्या सालीत असतो तोच घराण्याचा रंग. कोवळ्या पानातली स्वयंपाकघराची मांडामांड अजून झालेली नसते, त्यामुळे जास्तीचा उजेड झेपत नाही. अँथोसायनिन मुख्यतः हिरवा उजेड अडवतं, शिवाय पिसाळलेल्या ऑक्सिजनलाही आवरतं. (काही शास्त्रज्ञ म्हणतात की लाल रंग किड्यांना चकवायलाही आहे. तो वाद चालू आहे.) महिन्याभरात पान तयार होतं, हिरवं होतं, लाल रंग काढून घेतला जातो. पिंपळाचं तेच, सह्याद्रीतल्या कोशिंबाचं तेच. चैत्रपालवी म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो ते खरं तर बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर लावलेलं कापड आहे.

आता परत डबीकडे. एवढ्या मोठ्या यंत्रणेतला एक तुकडा उचलला, त्याच्या ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या शेजाऱ्यांतून उपटला, कॅप्सूलमध्ये भरला आणि एका सिगरेट ओढणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात पाठवला. काय व्हावं अशी अपेक्षा आहे?

काय होतं ते फिनलंडमध्ये बघितलं गेलं. २९,१३३ पुरुष, सगळे सिगरेट ओढणारे, पन्नास ते एकोणसत्तर वयाचे. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं, काहींना नाही. पाच ते आठ वर्षं. सगळ्यांना आशा होती की कॅन्सर कमी होईल, कारण ज्यांच्या आहारात आणि रक्तात कॅरोटीन जास्त त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं आधी दिसलं होतं. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! लोकांना वाटलं आकड्यांची चूक असेल. तेव्हा अमेरिकेत दुसरी चाचणी चालूच होती. १८,३१४ माणसं, सिगरेट ओढणारी, सोडलेली, किंवा ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेली. डोस ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, सोबत व्हिटॅमिन ए. जानेवारी १९९६ मध्ये ती मुदतीच्या एकवीस महिने आधी थांबवावी लागली. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त.

तीस मिलिग्रॅम. स्मोकर. कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कोण उभं होतं ते सांगायला नको.

असं का होत असावं याचं एक स्पष्टीकरण असं: धुराने आणि भरपूर ऑक्सिजनने भरलेल्या फुप्फुसात कॅरोटीन स्वतःच तुटतं आणि त्याचे तुकडे उलटे त्रास देतात. पानात त्याच्या मदतीला आजूबाजूला अख्खी फौज असते. इथे ते एकटं.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझ्यात आणि काकांत फरक काय? अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर बारा वर्षं चाललेल्या चाचणीत, ज्यांत बहुतेक जण सिगरेट न ओढणारे होते, बीटा कॅरोटीनने ना फायदा झाला ना तोटा. म्हणजे ज्याला धोका नाही त्याचे पैसे वाया, आणि ज्याला धोका आहे त्याचा धोका वाढतो. आणि गोळी विकली कुणाला जाते? धोका असणाऱ्यालाच! २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ गटाने कॅन्सर आणि हृदयविकार टाळण्यासाठी बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई घेऊ नका असं स्पष्ट सांगितलं. चाचण्या होऊन तीस वर्षं झाली आणि डबी अजून टीव्हीच्या बाजूला आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं म्हाताऱ्यांचं. आम्ही कुठे असलं घेतो? घेता की! जिमच्या बॅगेत व्हिटॅमिन सी आणि ई असतंच. २००९ मध्ये जर्मनीत तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, निम्म्यांना रोज व्हिटॅमिन सी आणि ई दिलं. व्यायामाने इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारतो, ती सुधारणा गोळ्या घेणाऱ्यांत दिसलीच नाही. कारण व्यायामाने तयार होणारा पिसाळलेला ऑक्सिजन हाच 'सुधारा' असा निरोप होता, आणि आपण पोस्टमनलाच मारलं. जी गोष्ट पानाला कळते ती अठराशे रुपये मोजणाऱ्याला कळू नये?

पॅकेटवर अमुक इतकी अँटिऑक्सिडंट क्षमता असा आकडा असतो ना, तोही परीक्षानळीतला. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा मोठा तक्ता केला होता. तो २०१२ मध्ये काढून टाकला, कारण कंपन्या त्याचा गैरवापर करत होत्या आणि परीक्षानळीतल्या आकड्याचा शरीराशी संबंध लागत नव्हता.

मग भाज्या-फळं खायची की नाही? खायची, भरपूर खायची. भाज्या-फळं खाणाऱ्यांची तब्येत बरी असते हे खरंच आहे. त्यात चोथा आहे, पाणी आहे, पोटॅशियम आहे, आणि ती खाल्ली की तेवढा वडापाव कमी खाल्ला जातो. व्हिटॅमिन सी तर आपल्याला बनवताच येत नाही, ते खावंच लागतं, पण त्याला एक पेरू पुरून उरतो. कोकम सरबत प्या, मीही पितो, छान लागतं म्हणून. ज्या दिवशी त्याच्या बाटलीवर 'सुपरफूड' लिहून किंमत चौपट करतील त्या दिवशी दुसरी बाटली घेईन.

माझा राग गोळीच्या किमतीवर नाही. गोळीने माणसाला दिलेल्या परवानगीवर आहे. 'एक-दोन जास्त झाल्या तरी चालतंय.' झाडाचा पहिला नियम काय होता? आत येऊच देऊ नका. छत्री आधी, साफसफाई नंतर, दुरुस्ती शेवटी. उन्हासाठी आपली छत्री म्हणजे टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन, दुपारचं बाहेर न पडणं. धुरासाठी आपली छत्री एकच, पाकीट बंद. ती उघडायची सोडून आपण साफसफाईचा एक झाडू विकत घेतो आणि दार सताड उघडं टाकतो, वर म्हणतो झाडाकडून शिकलो!

हे सगळं मी बाबांना ऐकवलं. जर्नल, आकडे, टक्के. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही इंटरनेटवर काहीही वाचता."

मग मला एक सुचलं. म्हटलं, "बाबा, तुमच्या प्लांटमध्ये रिअ‍ॅक्टरवर सेफ्टी व्हॉल्व्ह होता ना?"

"होता की. तीन होते."

"त्यातला एक काढून शेजारच्या कंपनीत कुठल्याही लाइनवर बसवला तर चालेल? व्हॉल्व्ह चांगलाच आहे. तुमच्याकडे एकतीस वर्षं चाललाय."

बाबा एकदम ऑपरेटर झाले. "लाइन कुठली, प्रेशर किती, आत माल काय, न बघता? वेडा आहेस का? उडेल सगळं."

मी काही बोललो नाही. डबीकडे फक्त बघितलं. तेही डबीकडे बघत बसले.

कॅप्सूल दुसऱ्या दिवसापासून बंद झाल्या. काकांशी दोन आठवडे बोलणं बंद होतं, आता पुन्हा चालू आहे. सिगरेट मात्र बंद झालेली नाही. सहाच्या चार झाल्यात असं आई म्हणते, बाबा तीन म्हणतात, गॅलरीतला डबा पाच म्हणतो. पुढच्या शनिवारी त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहे, सिगरेट सोडायला खरी मदत करणारी औषधं असतात, त्याबद्दल विचारायला. ते 'बघू' म्हणालेत. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही नसतं, एवढीच काय ती आशा.

बाकी गेटजवळचा आंबा मजेत आहे. वरची पानं हिरवी व्हायला लागलीत.